पुडीतली वेलची

गेल्या पावसाळ्याच्या आरंभी वसतिगृहामागचे गटार तुंबले. विद्यार्थ्यांच्या मदतीने ते उपसले तेव्हा गाळाबरोबर दोन टोपल्या भरतील इतक्या चकचकीत पुड्या वर आल्या. पालापाचोळा कुजून गेला होता. पुड्या मात्र कालच फाडल्यासारख्या होत्या. चौकशी करणे भाग होते. आठवीतील एका विद्यार्थ्याच्या खिशात तशीच एक न फाडलेली पुडी सापडली. "तंबाखू कधीपासून खातोस?" असे विचारताच त्याने ती पुडी आमच्यापुढे धरली आणि म्हणाला, "तंबाखू नाही गुरुजी, वेलची आहे. वाचा ना, लिहिलंय त्यावर." आम्ही चष्मा लावून वाचले. खरोखरच लिहिले होते. वेलचीचे चित्र होते, शिवाय तंबाखू शून्य टक्के, निकोटिन शून्य टक्के, असेही छापलेले होते.

रागावण्याच्या तयारीने बसलेले आम्ही शिक्षक निरुत्तर झालो. व्यसनमुक्तीवरची आमची सगळी व्याख्याने तंबाखूविरुद्ध होती. वेलचीविरुद्ध आमच्याजवळ एकही वाक्य नव्हते. मुलगा खोटे बोलत नव्हता. खोटेपणा होता तो त्या पुडीच्या घडणीत, आणि ती घडण आम्हांलाच नीट ठाऊक नव्हती. म्हणून गेले काही महिने वाचून, जाणकारांना विचारून आणि थोडेफार शाळेच्या प्रयोगशाळेत पाहून जे समजले, ते या स्मरणिकेच्या निमित्ताने पालकांपुढे व आजी-माजी विद्यार्थ्यांपुढे ठेवीत आहोत.

तंबाखूचे झाड निकोटिन बनवते ते माणसाच्या सुखासाठी नाही. पाने कुरतडणाऱ्या किडींना दूर ठेवण्यासाठी हे विष त्याच्या मुळांत तयार होते आणि पानांत जाऊन साठते. तंबाखूचा काढा शेतकरी पूर्वीपासून कीटकनाशक म्हणून फवारीत आले आहेत, तो याच गुणामुळे. असे पान कोणी प्रथमच तोंडात धरले तर जीभ भाजते, लाळ सुटते, डोके गरगरते, उलटी होते. निसर्गाने शरीराला दिलेला हा पहिला नकार आहे. सुगंधी तंबाखूचा सारा उद्योग या एका नकाराभोवती उभा आहे, हे ध्यानात ठेवले म्हणजे पुढची प्रत्येक पायरी उलगडत जाते.

ही वनस्पती आपल्याकडची नव्हे. पोर्तुगीजांनी ती अमेरिकेतून आणली आणि दख्खनमध्ये ती लवकर रुजली. अकबराचा वकील असद बेग याने १६०४ च्या सुमारास विजापुरात ती पाहिली आणि नवलाची वस्तू म्हणून बादशहाला नजर केली. दरबारी वैद्याने त्याच वेळी हरकत घेतली होती, पण नवलाईपुढे वैद्याचे कोण ऐकतो? पुढे १६१७ साली जहांगिराने मनाईही फर्मावली. ती टिकली नाही, हे सांगायला नको. ओढण्याची तंबाखू पुढे खाण्याची झाली, कारण पान, सुपारी, कात आणि चुना यांचा विडा इथे आधीपासून होता. नव्या पाहुणीला बसायला पाट तयारच होता.

शेतातून खुडलेले पान तसेच खाता येत नाही. ते उन्हात अथवा हवेशीर छपराखाली वाळवतात, मग किंचित ओलसर करून ढीग रचून मुरत ठेवतात. ढिगात ऊब धरते, पानाचा रंग गडद होतो, हिरवट उग्रपणा ओसरतो आणि ओळखीचा तो दाट वास येतो. निपाणी-कोल्हापूर पट्ट्यातील वाचकांना हा वास सांगावा लागणार नाही. परंतु याच उबेत आणखी एक गोष्ट घडते. पानावरचे जिवाणू त्यातील नायट्रेटचे नायट्राइट करतात आणि नायट्राइट निकोटिनच्या कुळातील द्रव्यांशी संयोग पावून नायट्रोसामाइन नावाची संयुगे तयार होतात. त्यांतील दोन, एनएनएन आणि एनएनके, ही माणसात कर्करोग घडवणारी म्हणून आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने निश्चित केली आहेत. म्हणजे तंबाखूतले सर्वांत घातक द्रव्य पुष्कळसे झाडात नसतेच. ते प्रक्रियेत जन्मते. स्वीडनमध्ये 'स्नूस' नावाची ओठाखाली ठेवण्याची तंबाखू मुरवण्याऐवजी वाफेने तापवून करतात. त्यामुळे जिवाणू मरतात आणि ही संयुगे पुष्कळ कमी राहतात. आपल्याकडच्या पुडीवर असे कोणतेही बंधन नाही.

आता चुना. तळहातावर तंबाखू घेऊन तिला चुना का लावतात, असे आम्ही गावातील काही ज्येष्ठांना विचारले. कोणी म्हणाले, चव येते. कोणी म्हणाले, त्याशिवाय ती 'लागत' नाही. दुसरे उत्तर रसायनशास्त्राच्या दृष्टीने अचूक आहे. निकोटिनचे कण दोन रूपांत असतात. आम्लधर्मी द्रवात ते बांधलेले असतात आणि गालाच्या आतल्या नाजूक त्वचेतून सहज पार होत नाहीत. क्षारधर्मी द्रवात ते मोकळे होतात आणि मोकळे निकोटिन त्या त्वचेतून थेट रक्तात उतरते. सामू ७ असेल तर दहांतील जेमतेम एक भाग मोकळा असतो; ८ झाला की निम्मा; ९ झाला की नऊ भागांहून अधिक. आमच्या विज्ञान शिक्षकांनी नववीच्या वर्गापुढे तंबाखू पाण्यात भिजवून त्या पाण्यात निळा लिटमस बुडवला, तेव्हा तो तांबूस झाला. चिमूटभर चुना टाकल्यावर तांबडा लिटमस पाहता पाहता निळा पडला. तंबाखू तेवढीच होती, शरीरात शिरणारे निकोटिन मात्र कितीतरी पट वाढले होते. कारखान्यात हेच काम चुना करतो, तसेच पूड मोकळी राहावी म्हणून मिसळले जाणारे मॅग्नेशियम कार्बोनेटही करते.

परंतु चुन्याने नवीनच प्रश्न निर्माण होतो. निकोटिन जितके मोकळे, तितकी तोंडाची आग अधिक. इथे सुगंधाचे काम सुरू होते.

जुन्या काळी हे काम अत्तरवाल्यांच्या शेजारी बसून होत असे. लखनौ-बनारसकडचा जर्दा करताना पानाचे तुकडे चुना व मसाले घालून पाणी आटेपर्यंत उकळतात, वाळवतात, रंगवतात आणि मग त्यांना सुवास देतात. किमाम त्याहून खर्चिक असतो: तंबाखूचा अर्क गुलाबजल, वेलदोडे, केशर, कस्तुरी अशा द्रव्यांसह आटवून केलेला घट्ट लेप. तो करणे कौशल्याचे काम होते आणि तो खाणारा बहुधा पैसेवाला, वयाने मोठा, पानाच्या बैठकीत बसणारा माणूस असे. मुलाच्या हाती ते लागणे अवघड होते. किंमतच आडवी येत असे. आपल्या घरांतली आजी जी मशेरी तव्यावर भाजून दातांना लावत असे, तिला तर कसलाच सुवास नव्हता. तीही घातकच होती, पण नातवाला ती गोळीसारखी गोड कधी वाटली नाही.

सत्तरच्या दशकात पानमसाला डब्यातून आणि नंतर पुडीतून विकला जाऊ लागला आणि ही आड येणारी किंमत नाहीशी झाली. सुपारी वाळवून यंत्राने तिचे बारीक तुकडे करतात. खैराच्या गाभ्याच्या ढलप्या उकळून काढलेला कात, चुना, तंबाखू आणि वेलची तीत येते. हे मिश्रण मोठ्या ढोलांत फिरवतात आणि फिरत असतानाच त्यावर सुगंधी द्रव्ये शिंपडतात. त्यांत केवडा, गुलाब, चंदन यांचा वास असतो आणि बहुतेक वेळा मेंथॉल असते. मेंथॉलकडे विशेष लक्ष द्यावे. पुदिन्याच्या कुळातील ज्या पिकापासून ते निघते, ते उत्तर प्रदेशात बाराबंकीकडे मोठ्या प्रमाणावर घेतले जाते. मेंथॉल तोंडाला गार करत नाही. गारवा ओळखणाऱ्या मज्जातंतूंना फसवून गार वाटायला लावते. चुन्याची आणि तंबाखूची आग त्या खोट्या गारव्याखाली झाकली जाते. शरीर नकार देतच असते, तो मेंदूपर्यंत नीट पोहोचत नाही, एवढेच.

शेवटी पुडी. सुवास उडून जाणारा असतो आणि पूड ओल धरणारी, म्हणून कागद चालत नाही. प्लास्टिक आणि धातूच्या पातळ थरांचा पापुद्रा लागतो. एकच यंत्र त्याची पुडी करते, भरते आणि तिचे तोंड बंद करते. आमच्या गटारात न कुजलेला तो हाच पापुद्रा. पण त्याने मोठे काम केले ते वेगळेच. वेलची, केवडा आणि निकोटिन एका रुपयात, कोणत्याही टपरीवर टांगलेल्या माळेतून, वही घ्यायला निघालेल्या मुलाच्या हाती आले.

सुगंध ही केवळ हौस आहे की योजना, अशी शंका वाचकांना येईल. या प्रश्नाचे स्पष्ट उत्तर अमेरिकेतून मिळते. तिथे युनायटेड स्टेट्स टोबॅको या कंपनीची अंतर्गत कागदपत्रे न्यायालयीन खटल्यांमुळे उघड झाली. त्यांत ग्राहकाला पायऱ्यापायऱ्यांनी चढवण्याची कल्पना होती. प्रथम १९८३ साली आलेल्या 'स्कोल बँडिट्स'सारख्या चहाच्या लहान पिशवीगत पुरचुंड्या, सुवास अधिक, निकोटिन सौम्य. मग विंटरग्रीन अथवा चेरीच्या स्वादाची जरा कडक तंबाखू. आणि सवय जडल्यावर 'कोपनहेगन'सारखी जवळजवळ बिनसुवासाची, सामू वाढवलेली कडक तंबाखू. तिकडे चुन्याऐवजी सोडियम व अमोनियमचे कार्बोनेट वापरतात, एवढाच फरक. ओक्लाहोमा राज्यातील शॉन मार्सी हा शालेय धावपटू बाराव्या वर्षी ओली तंबाखू ओठात धरू लागला आणि १९८४ साली, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, जिभेच्या कर्करोगाने वारला. त्याच्या आईने कंपनीवर लावलेला दावा ती १९८६ साली हरली. ते प्रकरण मात्र देशभर गाजले आणि त्याच वर्षी तिथे धूरविरहित तंबाखूवर इशारे छापणे सक्तीचे करणारा कायदा झाला.

आपल्या राज्याने लढा दिला नाही, असे नाही. २००२ साली महाराष्ट्राने गुटखाबंदी केली. २००४ साली सर्वोच्च न्यायालयात ती टिकली नाही. मग २०११ च्या अन्नसुरक्षा नियमांनी अन्नपदार्थात तंबाखू वा निकोटिन घालण्यास मनाई केली आणि त्या आधारावर जुलै २०१२ मध्ये राज्यात गुटखा व पानमसाला यांवर पुन्हा बंदी आली. पुढच्या वर्षी सुगंधित तंबाखू आणि सुगंधित सुपारीही तिच्यात समाविष्ट झाली. उद्योगाने देशभर शोधलेली पळवाट साधी आहे. एका पुडीचे दोन भाग केले. मोठ्या पुडीत तंबाखूविरहित पानमसाला, सोबत चिंचोळ्या पुडीत केवळ तंबाखू. ढोलात होणारे शेवटचे मिश्रण आता गिऱ्हाइकाच्या तळहातावर होते. विदर्भातील खर्ऱ्यात तर तेच मिश्रण टपरीवाला गिऱ्हाइकासमोर घोटून देतो. आमच्या विद्यार्थ्याच्या खिशात मोठी पुडी होती. ती राज्यात विकायला बंदी, शाळेपासून १०० यार्डांच्या आत तंबाखू विकायला बंदी, अठरा वर्षांखालील मुलाला विकायलाही बंदी. तरीही ती तिथे होती. चिंचोळी पुडी आम्हांला नंतर त्याच्या गादीखाली सापडली. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातील प्रौढांपैकी ३.८ टक्के लोक धूम्रपान करणारे आढळले आणि धूरविरहित तंबाखू खाणारे २४.४ टक्के. त्यांतील किती जण वेलचीच्या चित्रापासून सुरू झाले असतील, ते मोजलेले नाही.

मोठ्या पुडीतले 'शून्य टक्के' छापील अर्थाने खरे असेल, पण सुपारी त्यात होतीच. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या अहवालात आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने तंबाखूविरहित सुपारीलाही कर्करोगकारक ठरवले आहे. सुपारीतील अरेकोलिनमुळे गालाच्या आत तंतूंचे घट्ट पापुद्रे साचतात, गाल ताठ होतो आणि जबडा उघडेनासा होतो. निरोगी माणसाच्या तोंडात स्वतःची तीन बोटे उभी जातात. दंतमहाविद्यालयाच्या डॉक्टरांनी त्या मुलाला तसे करायला सांगितले, तेव्हा दोनच गेली. सुपारी आजच थांबली तर विकार बहुधा वाढणार नाही, पण गेलेली लवचीकता पूर्णपणे परत येईल असे आश्वासन त्यांनी दिले नाही. या रोगाचे पहिले लक्षण कोणते, असे आम्ही विचारले. तिखट सोसत नाही, ते म्हणाले.

वसतिगृहात परतल्यावर ही गोष्ट आम्ही स्वयंपाकघरातील मावशींच्या कानावर घातली. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "दिवाळीपासून माझ्याकडे बिनतिखट आमटी मागतोय तो. मला वाटलं, लाडावलाय." तेव्हापासून जेवणाच्या पंगतीत कोणी तिखट नको म्हणाला, की मावशी वाढणे थांबवून आधी त्याला तोंड उघडायला सांगतात, आणि त्याचे नाव संध्याकाळपर्यंत आमच्याकडे येते. या वर्षी आतापर्यंत चार नावे आली आहेत.