रस्त्यात लपलेला चढ

सायकलवर चढ लागला की तो डोळ्यांच्या आधी मांड्यांना कळतो. पण डोळ्यांना मुळीच न दिसणारा एक चढ प्रत्येक रस्त्यात असतो, अगदी सपाट रस्त्यातसुद्धा. डांबरी रस्त्यात तो थोडा असतो, मुरमाच्या वाटेत बराच असतो, आणि कोरड्या वाळूत तर इतका की उतरून सायकल ढकलावी लागते. मोटारी जेथे फिरकत नाहीत अशा डोंगरातल्या कच्च्या वाटांवर सायकल चालवायची असेल, तर ह्या लपलेल्या चढाची ओळख करून घ्यायला हवी.

ती करून घेण्यास रत्नागिरीजवळचे भाट्ये ही फार सोयीची जागा आहे. शहराच्या दक्षिणेचा खाडीवरचा पूल ओलांडला की डाव्या-उजव्या हाताला माड, सुरूचे बन आणि लांबलचक पुळण लागते. पुळणीच्या दक्षिण टोकाला झरी विनायकाचे देऊळ आहे. तेथून पावसकडे जाणारा रस्ता चढून सड्यावर जातो. सडा म्हणजे जांभ्या दगडाचे पठार. त्यावर मुख्य रस्ता सोडला की तांबड्या मुरमाच्या वाटा फुटतात. डांबर, वाळू आणि मुरूम असे तिन्ही नमुने एका सकाळीत तपासता येतात.

तपासायचे कसे? सपाट जागी दहा मीटर अंतरावर दोन खुणा करा. हे अंतर ३.६ सेकंदांत कापले जाईल अशा बेताने सायकल चालवा, म्हणजे तुमचा वेग ताशी १० किलोमीटर, अर्थात सेकंदाला सुमारे २.८ मीटर झाला. दुसऱ्या खुणेवर पायडल मारणे बंद करा. ब्रेक लावू नका. सायकल आपोआप थांबेल तेथपर्यंतचे अंतर मोजा. हाच प्रयोग उलट दिशेनेही करा, म्हणजे वारा आणि जमिनीचा बारीकसा खरा उतार ह्यांचा परिणाम बराचसा जाईल.

आता थोडे गणित. ह्या वेगाच्या वस्तूजवळ जी गतिज ऊर्जा असते ती तिला सुमारे ४० सेंटिमीटर उंच नेण्यास पुरेशी असते. (वेगाच्या वर्गाला २ग ने भागून पाहा, ग म्हणजे गुरुत्वत्वरण, ९.८.) सपाट वाटेवर तुम्ही उंच तर गेला नाहीत, मग ऊर्जा कोठे गेली? मुरमावर सायकल २० मीटरवर थांबली असे समजू. २० मीटरांत ४० सेंटिमीटर, म्हणजे पन्नासास एक इतका चढ तुम्ही चढलात, असाच ह्याचा हिशेब. चांगल्या डांबरावर सायकल ६० मीटरांच्या आसपास जाईल, तेथे लपलेला चढ दीडशेस एक. कोरड्या वाळूत चार मीटरही गेलात तर शाबास. तो चढ दहास एक झाला! माझे आकडे ढोबळ आहेत. तुमची सायकल, तुमचे वजन आणि तुमची वाट ह्यांप्रमाणे ते बदलतील, आणि तुमचे आकडेच तुमच्या कामाचे.

खऱ्या चढात आणि ह्या चढात एक फरक मात्र आहे. खऱ्या चढावर खर्चलेली ऊर्जा उतारावर परत मिळते. लपलेल्या चढाचा खर्च परत मिळत नाही. तो परतीच्या वाटेवर पुन्हा द्यावा लागतो.

हा खर्च होतो कशावर? वाळूत चाक रुतते आणि पुढचे कण सतत बाजूला सारावे लागतात. ओहोटीनंतर उघड्या पडलेल्या ओल्या पट्ट्यावर मात्र कणांमधले पाणी पृष्ठताणाने त्यांना एकत्र धरून ठेवते, म्हणून तेथे सायकल खुशाल चालते. (घरी गेल्यावर गोड्या पाण्याने सायकल धुवा आणि चेनला तेल द्या. खारे पाणी लोखंडाची गय करीत नाही.) मुरमावर गोष्ट वेगळी. तेथे प्रत्येक खडा चाकाला, आणि चाकाबरोबर तुम्हाला, जरासा वर उचलतो. एका मीटरात पाच खडे लागले आणि प्रत्येकाने दोन मिलिमीटर उचलले, तर मीटरभरात एक सेंटिमीटर उचल झाली. खाली येताना ती ऊर्जा हादऱ्यांच्या रूपाने हातापायांत जिरते. नुसत्या खड्यांनी शंभरास एक चढ तयार झाला!

येथेच एक रूढ समज तपासायला हवा. टायर जितका टणक तितकी सायकल हलकी, असे आपण धरून चालतो. गुळगुळीत रस्त्यावर ते बरेचसे खरे आहे. मुरमावर नाही. किंचित मऊ टायर खड्यावर चढत नाही, खडा पोटात घेतो. फक्त रबराचा तेवढा भाग दबतो आणि खडा मागे पडताच पूर्ववत होतो. स्वाराला उचलण्यापेक्षा रबराचा तुकडा दाबणे केव्हाही स्वस्त. जॉन डनलॉप ह्यांनी १८८८ मध्ये आपल्या मुलाच्या तिचाकीसाठी हवेचे टायर केले, तेही खडबडीत रस्त्याचे हादरे चुकवण्यासाठीच. टायरच्या कडेवर हवेच्या दाबाची मर्यादा छापलेली असते. कच्च्या वाटेसाठी त्यातील खालच्या आकड्याकडे झुका, पण त्याच्याही खाली जाऊ नका. नाहीतर ट्यूब खडा आणि रिम ह्यांच्यात चेंगरते. हल्ली कच्च्या रस्त्यांसाठी 'ग्रॅव्हल बाईक' नावाच्या महागड्या सायकली मिळतात. त्यांचे टायर साधारण चार सेंटिमीटर रुंद असतात. आपल्याकडच्या दूधवाल्याच्या काळ्या सायकलीचे टायर जवळजवळ तेवढेच रुंद!

त्या काळ्या सायकलीची अडचण टायरची नाही, गिअरची आहे. पायडलची एक फेरी पूर्ण झाली की ती सुमारे साडेपाच मीटर पुढे जाते, आणि तुमचे पाऊल वर्तुळात एक मीटरहून थोडे अधिक फिरते. म्हणून रस्त्याच्या विरोधाच्या पाचपट बल पायांना लावावे लागते. तुमचे वजन ५० किलो आणि सायकलचे २० किलो धरू. उभे राहून आळीपाळीने सारे वजन पायडलांवर टाकले, तरी फेरीभरातली सरासरी ३१० न्यूटनच्या पुढे जात नाही. म्हणजे चाकापाशी मिळाले ६२ न्यूटन. डांबराचा लपलेला चढ त्यातले ५ खातो, उरलेल्यात बारास एक चढ चढता येतो. मुरूम १४ खातो, आणि पंधरास एक चढालाच पाय टेकतात. हँडल हातांनी ओढून थोडी भर घालता येईल, पण फार वेळ नाही. युरोपातील आल्प्स पर्वतात, अडीच हजार मीटरहून उंच असलेल्या गालिबिए खिंडीच्या कच्च्या रस्त्यावरून 'तूर द फ्रान्स' ही शर्यत प्रथम १९११ मध्ये गेली. त्या शर्यतीत गिअर बदलण्याच्या यंत्रणेस परवानगी मिळाली ती १९३७ मध्ये. मधल्या काळातल्या स्वारांच्या मांड्यांचा विचार करा!

आता उतार. साठ मीटर उंच सड्यावरून सावकाश खाली आलात, तर सुमारे ४२,००० जूल ऊर्जेची विल्हेवाट लागते. एक कप पाणी उकळायला एवढी पुरते. ह्यातली बरीचशी उष्णता ब्रेकच्या रबरात आणि रिममध्ये निर्माण होते. म्हणून निघण्यापूर्वी ब्रेकचे रबर झिजलेले नाही ना, हे बघा.

त्याहून महत्त्वाची गोष्ट घर्षणाची. कोरड्या डांबराचा घर्षणांक सावधपणे ०.५ धरला, तर ताशी २० किलोमीटर वेगातून सपाटीवर सव्वातीन मीटरांत थांबता येते. सुट्या मुरमाचे खडे चाकाखाली गोट्यांसारखे घरंगळतात; तेथे घर्षणांक ०.२५ धरा. त्यात बारास एक उतार असला, तर थांबायला साडेनऊ मीटर लागतात, म्हणजे तिप्पट. ब्रेक दाबण्यापूर्वी गेलेला सेकंद आणखी साडेपाच मीटर खातो. म्हणून वेग वळणाआधी, सायकल सरळ असतानाच कमी करावा, दोन्ही ब्रेक मिळून, हलक्या हाताने. वळणात पुढचे चाक घसरले तर सायकल सावरायला वेळच मिळत नाही. आणि पावसाळ्यात जांभ्यावर हिरवे-काळे शेवाळ धरते, तेव्हा ०.२५ सुद्धा धरू नका, सायकलवरून उतरा.