दुकान काढायचे तर गाड्यांची जागाही द्यायची?

बडोद्यात नवे व्यापारी संकुल बांधणाऱ्याला विचारा, नकाशा मंजूर करून घेताना सगळ्यात जास्त डोकेफोड कशावर झाली? जिन्यावर नाही, उंचीवरही नाही. पार्किंगवर. २०१७ मध्ये गुजरातभर लागू झालेल्या सामायिक विकास नियमावलीत, म्हणजे आपण सगळे जिला जीडीसीआर म्हणतो तिच्यात, दुकाने आणि मॉल यांच्यासाठी वापरलेल्या एफएसआयच्या ५० टक्के इतकी जागा वाहनांसाठी ठेवायला सांगितले आहे. सोप्या भाषेत, २०० चौरस मीटरची दुकाने काढली तर १०० चौरस मीटर गाड्यांना.

हा विषय मंडळाच्या पानावर कशाला, असे काही सभासदांना वाटेल. दांडियाबाजार, रावपुरा आणि मांडवीच्या आसपासच्या पोळांत आपल्यापैकी अनेकांची वडिलोपार्जित घरे आहेत, काहींची खाली दुकान आणि वर बिऱ्हाड अशी. वाटण्या झाल्या, मुले पुण्याला नाहीतर परदेशात गेली, घर मोडकळीस आले, आता ते पाडून नवे बांधायचे की विकून टाकायचे हा प्रश्न घरोघरी आहे. त्याच्या उत्तरात पार्किंगचा वाटा बराच मोठा आहे.

आधी मापे पाहू. एक मोटार उभी करायला साधारण अडीच मीटर रुंद आणि पाच मीटर लांब जागा लागते, म्हणजे साडेबारा चौरस मीटर. पण गाडी तिथवर पोहोचायला, वळायला, बाहेर पडायला वाट लागते. ती धरून दिल्लीच्या मास्टर प्लॅनने एका मोटारीचा हिशेब असा ठरवला आहे: उघड्यावर २३ चौरस मीटर, इमारतीखाली तळमजल्यावर २८ आणि तळघरात ३२. म्हणजे आपल्या उदाहरणातल्या १०० चौरस मीटरमध्ये तळघरात मोटारी बसणार जेमतेम तीन.

आता तळघरात उतरायचा उतार. तळघर तीन मीटर खोल धरा आणि आठ मीटर चालल्यावर एक मीटर खाली, असा बराच तीव्र उतार धरा. तरी रॅम्प २४ मीटर लांब होतो. पोळातल्या घराची रुंदी चार-पाच मीटर. त्यातला तीन मीटरचा पट्टा रॅम्पला गेला की दुकान उरते कुठे? जुन्या गामतळासाठी नियमावलीत काही बाबतींत वेगळ्या तरतुदी असतात, तेव्हा आपल्या मिळकतीला नेमके काय लागू आहे ते आर्किटेक्टकडून तपासून घ्यावे. पण भूमिती कोणालाच सवलत देत नाही. लहान जागेवर पार्किंग बसवायचे तर शेजारच्या दोन-तीन मिळकती एकत्र कराव्या लागतात, आणि ते काम बिल्डरच करू शकतो, शिंपी किंवा फरसाणवाला नाही.

असा नियम आला कुठून? अमेरिकेतून. १९२३ मध्ये ओहायोतील कोलंबस शहराने राहत्या इमारतींना गाड्यांची जागा सक्तीची केली. १९३९ मध्ये कॅलिफोर्नियातील फ्रेस्नोने हॉटेले आणि रुग्णालयांनाही तोच नियम लावला. नंतर शहरांनी एकमेकांचे आकडे उतरवून घेतले. बरेचसे आकडे उपनगरातल्या अशा ठिकाणी मोजलेले होते जिथे पार्किंग फुकट होते आणि गाडीशिवाय जाणे शक्यच नव्हते. फुकट दिल्यावर जितके संपते तितकी गरज, असे ते मोजमाप. गोडाचे जेवण फुकट ठेवून गावाची भूक मोजावी, तसा प्रकार.

लॉस एंजेलिसच्या विद्यापीठातील प्राध्यापक डॉनल्ड शूप यांनी या प्रकारावर हयात घालवली. त्यांचे ‘द हाय कॉस्ट ऑफ फ्री पार्किंग’ हे जाडजूड पुस्तक २००५ मध्ये आले. मुद्दा एका ओळीत सांगता येतो: फुकट पार्किंग फुकट नसते, त्याची किंमत दुकानाच्या भाड्यात आणि तिथून मालाच्या किमतीत जाते. बसने किंवा पायी येणारी आजीबाईही मोटारवाल्याच्या जागेचे पैसे साडीच्या किमतीत भरते, फक्त तिला ते कळत नाही.

आपल्याकडे ही गोष्ट कोर्टातही गेली. मॉलवाल्यांनी पार्किंगचे पैसे घ्यावेत की नाही यावर गुजरात उच्च न्यायालयात वाद झाला आणि जुलै २०१९ मध्ये खंडपीठाने पैसे घेता येणार नाहीत असे सांगितले. पार्किंग देणे ही नियमानेच घातलेली जबाबदारी आहे, मग तिचा धंदा कसा करता, असा तो तर्क. नियमाच्या चौकटीत तो सरळ आहे. पण परिणाम पाहा. आधी सक्तीने जागा बांधायला लावायची, मग ती फुकट द्यायला लावायची. मालक तो खर्च खिशातून भरत नाही, भाडेकरू दुकानदारांवर टाकतो. हैदराबादच्या बांधवांनाही हे ओळखीचे वाटेल. तेलंगण सरकारने २०१८ मध्ये मॉलमध्ये पहिला अर्धा तास सर्वांना फुकट आणि पुढे खरेदीचे बिल दाखवल्यास सूट, अशी व्यवस्था केली. ज्याने काही विकत घेतले नाही त्याने जागेचे पैसे द्यावे, एवढी तरी समज त्यात आहे.

मग सक्ती सरळ काढून टाकावी का? जगात तशी लाट आहे खरी. लंडनने २००४ मध्ये किमान मर्यादा काढून उलट कमाल मर्यादा घातली. न्यूयॉर्क राज्यातील बफेलोने २०१७ मध्ये सक्ती उठवली, त्याच वर्षी मेक्सिको सिटीने किमानाऐवजी कमाल मर्यादा आणली. कॅलिफोर्नियाने २०२२ मध्ये कायदा करून मोठ्या बस-रेल्वे थांब्यांपासून अर्ध्या मैलाच्या आत ही सक्ती बहुतेक बांधकामांवरून काढली.

तरीही हा कित्ता आपण जसाच्या तसा गिरवू नये असे मला वाटते. तिकडे रस्त्यावर गाडी लावायला मीटर असतो, चुकीच्या जागी लावली तर दंड होतो, आणि तो वसूलही होतो. आपल्याकडे रस्त्याची कड ही आधी येईल त्याची. अशा गावात दुकानदाराची जबाबदारी काढून घेतली तर गाड्या नाहीशा होणार नाहीत, त्या मागच्या सोसायटीच्या दारात येतील. मोठ्या सर्कलजवळच्या सोसायट्यांत राहणाऱ्या सभासदांना हे सांगायला नको. घरातल्या आजारी माणसाला न्यायला रुग्णवाहिका आली आणि फाटकापुढे कोणाची तरी मोटार उभी, हा अनुभव काहींनी घेतला आहे. सक्तीच्या बाजूचा हा सगळ्यात दमदार मुद्दा आहे आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही.

जपानने वाट वेगळी काढली. तिथे १९६२ च्या कायद्याने मोटार घेणाऱ्यालाच जागेचा पुरावा द्यावा लागतो, आणि रात्रभर रस्त्यावर गाडी ठेवता येत नाही. बोजा दुकानापेक्षा गाडीवाल्यावर जास्त. महाराष्ट्रातही असा नियम करण्याची भाषा मंत्र्यांनी २०२५ मध्ये केली, पण भाषा आणि अंमल यांत अंतर असते.

अंमलाचाच विषय निघाला म्हणून. कागदावर पार्किंग असलेल्या कितीतरी इमारतींत तळघरात गोदाम, क्लास किंवा जिम चालते, हे शहरात फिरणाऱ्या कोणालाही दिसते. अधूनमधून सीलची मोहीम निघते, मग थंडावते. शिवाय इम्पॅक्ट फी भरून अनधिकृत बांधकाम नियमित करण्याचा कायदा राज्याने २०११ मध्ये केला, ऑक्टोबर २०२२ मध्ये पुन्हा वटहुकूम आणला. ज्याने नियम पाळून निम्मी जागा गाड्यांना दिली तो मूर्ख ठरला आणि ज्याने दुकाने काढून विकली तो फी भरून मोकळा झाला, अशी भावना प्रामाणिक व्यापाऱ्यांत होते ती उगाच नाही.

तळघराबद्दल बडोदेकरांना आणखी एक गोष्ट माहीत आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीचे पाणी शहरात शिरले तेव्हा तळघरांतल्या गाड्या बुडाल्या. नदीकाठच्या सखल भागात सक्तीने तळघर खोदायला लावणे म्हणजे पाण्याला घर बांधून देणे. यावर नियमावलीत वेगळा विचार व्हायला हवा, आणि तो अजून पुरेसा झालेला दिसत नाही.

माझे मत विचाराल तर एकच नियम सगळ्या शहराला लावू नये. चारदरवाजाच्या आतल्या बाजारपेठा पायी आणि टांग्याने येणाऱ्यांसाठी वसल्या. तिथे लहान दुकानाला पार्किंगची सक्ती नको. त्याऐवजी बाजाराच्या कडेला सामायिक वाहनतळ, तिथवर लहान बस, आणि रस्त्यावर गाडी लावायची तर तासाचे पैसे. राष्ट्रीय नागरी परिवहन धोरणाने २००६ मध्येच म्हटले आहे की पार्किंगचे शुल्क त्या जमिनीची खरी किंमत दाखवणारे असावे. रुग्णालय, लग्नाचा हॉल, मल्टिप्लेक्स यांना मात्र जबाबदारीतून सोडू नये. तिथे गर्दी एकाच वेळी येते आणि बाहेर सांडते. आपल्या मंडळांची सभागृहेही यात आली, हे मान्य करायला हवे. गणेशोत्सवातल्या नाटकाच्या दिवशी शेजाऱ्यांना आपलाही त्रास होतोच.

यावर एक स्वस्त उपाय हाताशी आहे: जागा वाटून वापरणे. शाळेचे मैदान आणि बँकेचे आवार संध्याकाळनंतर रिकामे असते, आपले कार्यक्रम नेमके तेव्हाच. नवरात्रात गरब्याच्या मैदानांसाठी शहर नऊ रात्री अशी सोय करतेच ना? नियमावलीत दोन संस्थांच्या लेखी कराराला पार्किंगची पूर्तता म्हणून मान्यता मिळाली तर दोघांनाही वेगळी जागा अडकवून ठेवावी लागणार नाही.

हे सांगायची संधी नागरिकांना असते. गुजरात नगररचना कायदा १९७६ नुसार विकास आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध झाल्यावर हरकती-सूचना द्यायला दोन महिने मिळतात. साध्या कागदावर, गुजरातीत किंवा इंग्रजीत, मिळकतीचा तपशील आणि नेमकी मागणी लिहून वुडाच्या कार्यालयात द्यावी आणि पोच घ्यावी. जुन्या भागात मिळकत असलेल्या चार-पाच घरांनी आपापल्या जागेची रुंदी-लांबी देऊन एकत्र अर्ज केला, तर अधिकाऱ्यापुढे रॅम्पचा वर दिलेला हिशेब प्रत्यक्ष मापांसह जाईल.