विंड चाइम: भोक कुठे पाडायचं?

जयपूरला तिलक नगरात राहत असाल, तर विंड चाइमसाठी लाखेच्या बांगड्या घेण्याचा मोह होईल. मनिहारों का रास्ता या गल्लीत त्या सुरेख मिळतात. पण लाख मऊ, कंपनं गिळणारी; तिचा नुसता ठक्‌ठक् आवाज येतो. काच किणकिणते, पण मे-जूनच्या आंधीत टिकायची नाही. त्यापेक्षा ॲल्युमिनियमची पोकळ नळी घ्या.

खरी गोम भोकात आहे. दोन्ही टोकं मोकळी असलेली नळी वाजते, तेव्हा प्रत्येक टोकापासून लांबीच्या सुमारे २२ टक्क्यांवरचा भाग जवळजवळ स्थिर असतो. दोरी तिथेच ओवायची. म्हणजे ३० सेंमी नळीला वरून ६.७ सेंमीवर भोक. भलतीकडे टांगलीत, तर नाद लगेच मरतो. त्याच नळीचा २१.२ सेंमीचा तुकडा एक सप्तक वर वाजतो; निम्म्या लांबीचा तब्बल दोन सप्तकं!

मधोमध लाकडी चकती लोंबकळवा, ती नळ्यांच्या मध्यावर आदळू द्या. चकतीखाली वारा धरायला जाड पुठ्ठा बांधा. दोरी नायलॉनची, सुती दोरा उन्हापावसात लवकर कुजतो.

आणि रात्री विंड चाइम तेवढा काढून ठेवा, शेजाऱ्यांनाही झोप लागते.