आजोबांचा लष्करी गणवेश शिवताना

माणसाने अंगावर काय घालावे हे या देशात फार काळ त्याच्या आवडीवर किंवा खिशावर अवलंबून नव्हते, ते जातीवर अवलंबून होते. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडालासाठी प्रेतावरची वस्त्रे हाच पोशाख सांगितला आहे. गावगाड्यात महाराच्या 'हक्कां'मध्ये मढ्यावरचे कापड मोजले जात होते. दुसऱ्याने टाकलेले, दुसऱ्याच्या मापाचे, दुसऱ्याच्या दयेचे कापड घालून ज्यांच्या पिढ्या गेल्या, त्यांच्यापैकी काहींच्या अंगावर नवा कोरा आणि पितळी बटणांचा कपडा चढला तो लष्करात. म्हणून आपल्या घरांतून ट्रंकेच्या तळाशी जपून ठेवलेला खाकी सदरा, गंजलेले बक्कल किंवा रिबीन विरलेले पदक यांच्याकडे नुसती जुनी आठवण म्हणून पाहता येत नाही. ती एका सामाजिक स्थित्यंतराची साक्ष आहे.

दुसऱ्या महायुद्धात गेलेली पिढी आता जवळजवळ संपली आहे. त्यांच्या नातवा-पणतवांपैकी काहींना आजोबांचा गणवेश पुन्हा जसाच्या तसा तयार करून घरात किंवा समाजमंदिरात लावावा असे वाटते. ही इच्छा स्वागतार्ह आहे. ज्यांचा इतिहास दुसऱ्यांनी लिहिला नाही, त्यांनी तो स्वतः शिवून दाखवला तर त्यात गैर काय? मात्र आमचे एकच म्हणणे आहे. हा गणवेश खरा असला पाहिजे. खोट्या इतिहासाने सर्वांत जास्त कोणाचे नुकसान केले असेल तर ते आपले. मग आपल्याच घरातल्या इतिहासाला आपण खोटे टाके का घालावेत?

हा कपडा मिळवण्यासाठी किती झगडावे लागले ते आधी ध्यानात घेतले पाहिजे. कंपनी सरकारच्या मुंबई लष्करात महार शिपाई मोठ्या संख्येने होते. १ जानेवारी १८१८ च्या कोरेगावच्या लढाईत पडलेल्यांची ४९ नावे तेथील विजयस्तंभावर आहेत आणि त्यांतील २२ नावांच्या शेवटी 'नाक' आहे. खुद्द बाबासाहेबांचे वडील रामजी सकपाळ लष्करात सुभेदार होते आणि बाबासाहेबांचा जन्म १८९१ साली महूच्या लष्करी छावणीत झाला. पण त्यानंतर एक-दोन वर्षांतच इंग्रज सरकारने 'लढाऊ जाती'चे थोतांड पुढे करून महारांची भरती बंद केली. ज्यांच्या रक्तावर राज्य उभे केले, त्यांनाच लढाईला नालायक ठरवले. गोपाळबाबा वलंगकरांनी १८९४ साली याविरुद्ध अर्ज तयार केला, शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० साली थेट भारतमंत्र्यांकडे दाद मागितली. पहिल्या महायुद्धात माणसे कमी पडू लागली तेव्हा, १९१७ साली, '१११ महार' ही पलटण उभी राहिली. युद्ध संपले आणि १९२१ साली ती मोडण्यात आली. गरज सरो, वैद्य मरो!

लष्कराचे दार बंद झाल्याने समाजाचे काय नुकसान झाले हे बाबासाहेबांनी मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत सांगितले. लष्करात पगार होता, पेन्शन होती आणि शिक्षण होते. छावणीच्या शाळेत शिपायांना आणि त्यांच्या मुलांना अक्षरओळख होत होती, तीसुद्धा ज्या काळात गावच्या शाळेची पायरी चढता येत नव्हती त्या काळात. पुढे १९४१ साली बाबासाहेब व्हाइसरॉयच्या संरक्षणविषयक सल्लागार मंडळावर गेले. त्यांनी सतत लावून धरलेल्या मागणीमुळे आणि युद्धाच्या निकडीमुळे १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावला महार रेजिमेंटची पहिली पलटण उभी राहिली. पाठोपाठ दुसरी पलटण कामठीला उभी राहिली, मग तिसरी आणि पंचविसावी. तेव्हा १९४१ साली भरती झालेल्या शिपायाच्या अंगावरचा सदरा म्हणजे जवळजवळ पन्नास वर्षांच्या अर्ज-विनंत्या, परिषदा आणि लढ्यांचे फळ होते. ते सरकारने दिलेले दान नव्हते.

आता प्रत्यक्ष शिवण्याकडे वळू. पहिली पायरी शिंप्याच्या दुकानात नसून कागदपत्रांत आहे. आजोबा कोणत्या पलटणीत होते, कोणत्या साली, कोणत्या हुद्द्यावर? सगळेच महार शिपाई महार रेजिमेंटमध्ये नव्हते. कोणी पायोनियरमध्ये होते, कोणी इतर दलांत. घरातले डिस्चार्ज बुक, पेन्शनचे कागद, जुनी पत्रे आधी काढावीत. पदक असेल तर त्याची कडा आणि पाठ भिंगाखाली पाहावी. महायुद्धाची पदके भारतीय शिपायांना देताना त्यांवर साधारणपणे नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असे. पण म्हणून चिंच-राखेने ती घासू नयेत, घासण्याने हीच अक्षरे आधी जातात. महार रेजिमेंटचे केंद्र आज मध्य प्रदेशात सागर येथे आहे, नंबर हाती असेल तर तेथे विचारणा करता येते. युद्धात मृत्यू आला असेल, तर राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या नोंदींत नाव शोधावे. भारतीय शिपायांच्या बाबतीत तेथे अनेकदा गावाचे नावही सापडते.

साल कळले की कापड कळते. युद्धाच्या सुरुवातीला शिपायाचा उन्हाळी पोशाख म्हणजे खाकी ड्रिलचा सदरा व अर्धी चड्डी, पावलाचा भाग नसलेले लोकरी मोजे, पायाला गुंडाळायच्या पट्ट्या आणि तळाला खिळे मारलेले जड बूट. कमरेला व खांद्यावर '१९३७ पॅटर्न'चे जाड सुती विणीचे पट्टे. ब्रह्मदेशच्या जंगलात खाकी रंग शत्रूला लांबून दिसतो म्हणून १९४३ पासून हिरवे कपडे आले. मलेरियाचे डास तर जपानी गोळीपेक्षा जास्त माणसे लोळवत होते, म्हणून संध्याकाळ झाली की बाह्या खाली आणि पाय झाकलेले, हा तिथला हुकूम. जुन्या काळ्या-पांढऱ्या फोटोत खाकी आणि हिरवा दोन्ही सारखेच करडे दिसतात. फोटोवरून रंग ठरवू नये, तो सालावरून ठरवावा. आणि शिंपी हमखास जे खाकी टेरिकॉट काढून दाखवतो ते घेऊ नये. त्या काळी टेरिकॉट नव्हते. सुती ड्रिल घ्यावे आणि चड्डीला चेन न लावता बटणे लावावीत.

खरी कसोटी लागते ती हुद्द्यापाशी. आमच्या परिचयातल्या एका घरात असा गणवेश शिवायला घेतला होता. नातू उत्साही, त्याने बाजारातून सुभेदाराचे तारे आणले. घरातली म्हातारी आत्या, त्या शिपायाची लेक, तिने ते पाहिले आणि म्हणाली, "अरे बाळा, बाबा शिपाई म्हणून गेले अन् शिपाई म्हणूनच आले. आता मेल्यावर त्यांना बढती कशाला देतोस? शिपाई होते म्हणून लाज वाटते का रे तुला?" नातू गप्प झाला. त्या माउलीने एका वाक्यात जे सांगितले ते मोठमोठ्या व्याख्यानांत सापडत नाही. लान्स नाईकाला एक फीत, नाईकाला दोन, हवालदाराला तीन, आणि शिपायाच्या बाहीवर काहीच नाही. त्या कोऱ्या बाहीचाही मान राखला पाहिजे.

याच्या उलट प्रकारही होतो. काही घरांत कागदावर 'जमादार' हा शब्द दिसला की तो लपवला जातो, कारण आज शहरात त्या शब्दाचा अर्थ झाडूवाला असा घेतला जातो. लष्करातला जमादार म्हणजे खांद्यावर एक तारा असणारा, व्हाइसरॉयचे कमिशन मिळालेला अधिकारी. १९६५ साली त्याच हुद्द्याला 'नायब सुभेदार' हे नाव मिळाले. जातिव्यवस्था शब्दालाही कशी बाटवते पहा! अधिकाऱ्याचा नातू आजोबांचा हुद्दा सांगायला कचरतो. तेव्हा कागदावर जमादार असेल तर पाटीवरही 'जमादार' असेच ठसठशीत लिहावे.

टोपीवरच्या बिल्ल्याबाबत तर विशेष काळजी हवी. महार रेजिमेंटच्या आजच्या बिल्ल्यावर एकमेकींना छेदणाऱ्या दोन व्हिकर्स मशीनगन आणि खंजीर आहे. बाजारात तोच मिळतो आणि लोक तोच लावून मोकळे होतात. पण मशीनगन आल्या १९४६ साली, रेजिमेंट मशीनगनची झाल्यावर. खंजीर त्याच्याही नंतरचा. युद्धकाळातल्या पहिल्या बिल्ल्यावर होता तो कोरेगावचा स्तंभ आणि त्यासोबत 'महार' ही अक्षरे. १९४३ सालच्या शिपायाच्या टोपीवर आजचा बिल्ला लावला, तर त्याच्या कपाळावरचा कोरेगावचा स्तंभ आपणच आपल्या हाताने पुसला असे होते. बाबासाहेबांनी १ जानेवारी १९२७ रोजी ज्या स्तंभाला मानवंदना दिली, तो स्तंभ शिपायाच्या टोपीवर पोहोचायला आणखी चौदा-पंधरा वर्षे लागली. ही चूक आपण करता कामा नये.

त्याच न्यायाने बटणांवर अशोकस्तंभ लावू नये. तेव्हा राज्य इंग्रजांचे होते आणि लष्कराच्या चिन्हांवर राजमुकुट होता. काहींना हे खटकते. 'आमच्या आजोबांना इंग्रजांचे चाकर म्हणतील' अशी भीती वाटते. म्हणोत! त्या युद्धात २५ लाखांवर भारतीय सैन्यात होते, त्यांत सर्व जातिधर्मांचे लोक होते आणि सुमारे ८७ हजारांनी प्राण गमावले. बाकीच्यांना 'शूर' आणि आमच्या आजोबांना तेवढे 'चाकर' म्हणणाऱ्यांचा हेतू उघड आहे. बाबासाहेबांनी नाझी-फॅसिस्ट शक्तींचा विजय हा मानवतेचा पराभव मानला आणि इंग्रज सरकारलाही वेळोवेळी धारेवर धरले. हे दोन्ही एकाच वेळी करता येते. मुकुट काढून टाकल्याने इतिहास स्वच्छ होत नाही, तो फक्त लंगडा होतो.

हेच पराक्रमाच्या कहाण्यांबाबत. आजोबा ब्रह्मदेशात होते असे प्रत्येक घर सांगते. वास्तवात पहिली आणि तिसरी पलटण वायव्य सरहद्दीवर होती, पंचविसावी देशातल्या अंतर्गत बंदोबस्तावर होती. दुसरी पलटण ब्रह्मदेशच्या मोहिमेत गेली आणि युद्धानंतर इराकला. फाळणीच्या वेळी रेजिमेंटच्या पलटणींनी पंजाबात निर्वासितांच्या काफिल्यांना संरक्षण दिले. सरहद्दीवरच्या थंडीत ठाण्याची राखण करणारा किंवा जीव मुठीत धरून चाललेल्या निर्वासितांना सुखरूप पोहोचवणारा शिपाई कोणापेक्षा कमी होता? ज्याला 'बर्मा स्टार' मिळाला नाही, त्याच्या छातीवर तो टाचू नये. जे मिळाले तेवढेच लावावे.

कायद्याचीही एक गोष्ट. आपण सैनिक आहोत असा इतरांचा समज व्हावा या हेतूने सैनिकाचा पोशाख किंवा चिन्ह वापरणे हा गुन्हा आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १६८ नुसार त्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजार रुपयांपर्यंत दंड आहे. घरात, समाजमंदिरात किंवा प्रदर्शनात नावाच्या पाटीसह ठेवलेल्या गणवेशात असा हेतू नसतो. पण तो घालून मिरवणुकीत मिशीला पीळ देत फिरणे टाळलेले बरे. गणवेश ज्याचा, मान त्याचा. आणि जुना मूळ कपडा शिल्लक असेल तर तो कापून नव्यात जोडू नये. धुतलेल्या मऊ सुती कापडात गुंडाळून, ओलीपासून दूर ठेवावा.

आणि त्या पाटीवर काय लिहावे? नंबर, हुद्दा, नाव, पलटण, भरतीचे आणि सुटीचे साल, गाव. पण तेवढ्यावर थांबू नये. आजोबा पलटणीत असताना ज्या आजीने घर सांभाळले, मनिऑर्डरच्या पैशातून पोरांना शाळेत घातले, तिचेही नाव त्याच पाटीवर आले पाहिजे. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी आपल्या स्त्रियांना जातीची खूण सांगणारी लुगडे नेसण्याची पद्धत टाकून द्यायला सांगितले आणि त्यांनी ती टाकली. पुरुषाच्या गणवेशाइतकाच तोही क्रांतीचा पोशाख होता.

प्रत्येक गावातल्या कार्यकर्त्यांनी आपल्या वस्तीतून १९३९ ते १९४५ या काळात कोण कोण लष्करात गेले याची यादी करावी. कागद, फोटो, पदके यांच्या नकला काढून ठेवाव्यात आणि ज्या घरात आत्या, मावशी, काका अजून सांगायला आहेत त्यांचे बोलणे लिहून घ्यावे. हे काम या वर्षी झाले नाही तर पुढल्या वर्षी सांगणारे माणूस असेलच असे नाही. गणवेश त्यानंतर शिवला तरी चालेल.