नगराच्या ठरावाने काय थांबतं, काय थांबत नाही

सोलापूरच्या हद्दवाढ भागात कुठल्याही नगराच्या कमानीतून आत शिरा. रहिवासी संघ असतोच आणि सचिवांच्या कपाटात निवेदनांची जाडजूड फाईलही असते. ड्रेनेज, दिवाबत्ती, रखडलेला डीपी रोड (विकास आराखड्यातला रस्ता), मोकळ्या जागेवरचं अतिक्रमण, शेजारच्या प्लॉटवर येऊ घातलेलं मंगल कार्यालय. प्रत्येक निवेदनावर महापालिकेचा आवक शिक्का. इतकं करूनही हाती काही लागलं नाही की लोक दोनपैकी एक टोक गाठतात. ‘आमच्या सहीशिवाय इथे वीट लागू देणार नाही’ हे एक, आणि ‘सगळं वरच ठरतं, आपण कशाला धावायचं’ हे दुसरं. या दोन्ही समजांनी नगरांचं नुकसान केलं आहे. रहिवाशांनी कुठे आणि केव्हा बोलायचं हे कायद्यात लिहिलेलं आहे. ज्या संघाला ते ठाऊक असतं, त्याचंच ऐकावं लागतं.

‘संघाची एनओसी नसेल तर परवाना मिळत नाही’

मिळतो. बांधकाम परवाना महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ खाली महापालिका देते. जागेची मालकी, डीपीतला झोन, रस्त्याची रुंदी, सामासिक अंतर, चटईक्षेत्र एवढंच ती तपासते. शेजाऱ्यांची संमती त्या यादीत नसते.

गोंधळ होतो तो ‘सोसायटी’ या नावामुळे. १९६० च्या सहकार कायद्याखाली नोंदलेल्या गृहनिर्माण संस्थेच्या नावावर जमीन असेल, तर ती मालक म्हणून बोलते आणि तिची संमती लागते. स्वतंत्र खरेदीखतं असलेल्या प्लॉटधारकांनी स्थापन केलेला रहिवासी संघ मात्र फक्त प्रतिनिधी असतो, मग त्याची नोंदणी धर्मादाय कार्यालयात झालेली का असेना.

तरीही संघाच्या पत्राने परवाना अडल्याची उदाहरणं आहेत, आणि ती पत्रं कशी होती ते पाहण्यासारखं आहे. ‘मंगल कार्यालयामुळे नगराची शांतता भंग होईल, तरी परवानगी देऊ नये’ एवढंच लिहिलेलं पत्र फाईलला लागतं आणि तिथेच राहतं. त्याऐवजी मंजूर ले-आऊटची प्रत जोडा. रस्ता कागदावर किती मीटरचा आहे आणि टेपने मोजल्यावर किती भरतो ते लिहा. डिसेंबर २०२० पासून लागू झालेल्या एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावलीत अशा वापरासाठी किती रुंद रस्ता आणि किती पार्किंग लागतं, ते नियम क्रमांकासह मांडा. असं पत्र आल्यावर अधिकाऱ्याला उत्तर द्यावं लागतं, कारण उद्या न्यायालयात तोच कागद त्याच्यासमोर येणार असतो.

‘चिमणी आंदोलनाने पडली’

श्री सिद्धेश्वर सहकारी साखर कारखान्याची चिमणी १५ जून २०२३ रोजी पाडली गेली. होटगी रोडच्या विमानतळाला तिचा अडथळा होता. सोलापूर विकास मंचासारख्या नागरिकांच्या मंचांनी विमानसेवेसाठी उपोषणं केली, तर दुसऱ्या बाजूला कारखान्याचे सभासद शेतकरी हजारोंनी रस्त्यावर आले. दोन्हीकडची माणसं सोलापूरचीच होती आणि दोघांनाही आपल्या पोटाची आणि भविष्याची काळजी होती.

मोर्चांच्या आकारावर निकाल लागला असता, तर तो कोणत्या बाजूने गेला असता हे सांगणं कठीण आहे. निर्णय अखेर बांधकामाला रीतसर परवानगी होती का, या प्रश्नावर आला. आंदोलनाने काय केलं, तर वर्षानुवर्षं पडून राहिलेली फाईल हलवली. हे काम लहान नाही. पण फाईल हलल्यावर आत भक्कम कागद नसता, तर पुढे काहीच घडलं नसतं. जून २०२५ मध्ये सोलापूरहून गोव्याचं विमान सुरू झालं.

‘झोन बदलणं साहेबांच्या हातात असतं’

आयुक्तांच्याही नाही, नगरसेवकांच्याही नाही. मंजूर डीपीत फेरबदल करायचा तर त्याच १९६६ च्या अधिनियमातल्या कलम ३७ ची वाट धरावी लागते. सभागृहाचा ठराव, राजपत्रात आणि वर्तमानपत्रात सूचना, हरकती, सुनावणी, आणि शेवटी राज्याच्या नगरविकास विभागाची मंजुरी. शासन स्वतःहूनही असा फेरबदल सुरू करू शकतं, पण सूचना आणि हरकती तिथेही टळत नाहीत. संपूर्ण डीपी नव्याने होतो तेव्हा कलम २६ खाली प्रारूप आराखडा प्रसिद्ध होतो. हरकतीची मुदत नोटिशीत दिलेली असते, सहसा ३० दिवस.

हे ३० दिवस सर्वांत मोलाचे, आणि नेमके तेच हातातून निसटतात. वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर बारीक अक्षरात आलेली नोटीस कुणी वाचत नाही. आरक्षण पडल्याचं कळतं ते बांधकामाचा अर्ज फेटाळला जातो तेव्हा. हरकत घ्यायला नोंदणीकृत संघच लागतो हाही गैरसमज आहे. कुणीही व्यक्ती लेखी हरकत देऊ शकते आणि सुनावणीला बोलू शकते. सुनावणी घेणाऱ्या नियोजन समितीत स्थायी समितीच्या सदस्यांबरोबर नगररचनेचे जाणकारही असतात. त्यांना भाषण ऐकायचं नसतं, भाग नकाशावर बोट ठेवून सांगितलेली गोष्ट ऐकायची असते.

हरकतींनी खरंच काही होतं का? मुंबईचा प्रारूप विकास आराखडा फेब्रुवारी २०१५ मध्ये आला. त्यात इतक्या चुका निघाल्या आणि हरकतींचा इतका पाऊस पडला, की एप्रिलमध्ये मुख्यमंत्र्यांनी तो नव्याने करायला सांगितला. सुधारित आराखडा २०१८ मध्ये अमलात आला.

‘बागेचं आरक्षण आहे, म्हणजे बाग होणारच’

हा सर्वांत महागात पडणारा समज आहे. नकाशावर हिरवा रंग आणि आरक्षण क्रमांक असला, तरी जमीन अजून खासगी मालकाचीच असते. महापालिकेने ती ताब्यात घेतल्याशिवाय तिथे बाकडंही बसत नाही. अंतिम आराखडा अमलात आल्यापासून १० वर्षांत जमीन घेतली गेली नाही, तर मालक कलम १२७ खाली खरेदी सूचना देऊ शकतो. त्यानंतर महापालिकेकडे २४ महिने उरतात. तेवढ्यात जमीन घेतली नाही किंवा संपादनाकडे ठोस पाऊल पडलं नाही, तर आरक्षण व्यपगत होतं आणि आजूबाजूला जे बांधता येतं ते तिथे बांधता येतं.

ठोस पाऊल म्हणजे काय, यावर सर्वोच्च न्यायालयाचा २००७ चा गिरनार ट्रेडर्स निकाल आहे. भूसंपादनाचा नुसता प्रस्ताव पाठवून भागत नाही, असं न्यायालयाने म्हटलं. महापालिकेकडे पैसा नसतो, भूसंपादनाची फाईल दोन कार्यालयांत फिरत राहते, आणि चोवीस महिने बघता बघता सरतात.

उलट बाजूचा समजही तितकाच चुकीचा. ‘दहा वर्षं झाली, आरक्षण आपोआप उठलं’ असं सांगून प्लॉट विकणारे भेटतात. आपोआप काहीही उठत नाही. सूचना दिली गेली का, कधी दिली, राजपत्रात काय आलं, हे पाहिल्याशिवाय तिथे एक रुपयाही गुंतवू नये.

संघाचं खरं काम इथे आहे. आपल्या परिसरातल्या प्रत्येक आरक्षणाचा क्रमांक, गट क्रमांक आणि डीपी मंजूर झाल्याची तारीख एका वहीत हवी. दर सहा महिन्यांनी माहिती अधिकारात एकच प्रश्न विचारावा: या आरक्षणावर कलम १२७ ची सूचना आली आहे का? उत्तर ‘हो’ असेल, तर त्या दिवसापासून अंदाजपत्रकात तरतूद, टीडीआरच्या (हस्तांतरणीय विकास हक्क) मोबदल्यावर मालकाशी बोलणी आणि संपादनाची कारवाई यांचा पाठपुरावा सुरू करावा. इमारतीचा पाया खोदायला जेसीबी आल्यावर जमलेली गर्दी दोन वर्षं उशिरा जमलेली असते.

‘ओपन स्पेस बिल्डरची, नाहीतर संघाची’

०.४ हेक्टर आणि त्याहून मोठ्या जागेचा ले-आऊट मंजूर होतो, तेव्हा साधारण १० टक्के जागा मोकळी सोडावी लागते. ती सगळ्या प्लॉटधारकांच्या वापराची. बिल्डर ती विकू शकत नाही, आणि संघालाही ती मंगल कार्यालयासारखी भाड्याने देता येत नाही. दुसरा भाग संघांना ऐकायला आवडत नाही, पण तो तितकाच खरा आहे.

बंगळुरूच्या राजमहल विलास एक्स्टेन्शनमध्ये उद्यानासाठी राखलेली जागा खासगी नर्सिंग होमला दिली गेली. रहिवासी न्यायालयात गेले आणि १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. उद्यानाशी थेट संबंध नाही म्हणून रहिवाशांना दाद मागता येणार नाही, हा युक्तिवाद न्यायालयाने मानला नाही.

गुंठेवारीत मात्र वाद वेगळा आहे. १९९२ च्या हद्दवाढीने आसपासची गावं शहरात आली. तिथे शेतजमिनीचे गुंठ्या-गुंठ्याचे, म्हणजे १,०८९ चौरस फुटांचे तुकडे विकले गेले. मंजूर ले-आऊटच नाही, तर मोकळी जागा कुठून येणार? २००१ च्या गुंठेवारी कायद्याने आणि त्यातल्या २०२१ च्या दुरुस्तीने नियमितीकरणाची वाट दिली आहे. एकेकट्याने गेल्यावर एका प्लॉटचा कागद सुधारतो. सगळ्या गल्लीने मिळून मोजणी करून घेतली आणि एकत्र प्रस्ताव दिला, तर रस्त्याची रुंदी, ड्रेनेजची ओळ आणि जमल्यास एखादा मोकळा तुकडा एकदमच ठरवता येतो.

‘संघ म्हणजे बंगलेवाल्यांची नकारघंटा’

याला सोलापूरने स्वतःच उत्तर दिलं आहे. शहराच्या पूर्व भागातल्या विडी कामगार बायका एका खोलीत संसार करायच्या. माजी आमदार नरसय्या आडम यांच्या पुढाकाराने त्यांनी गोदुताई परुळेकरांच्या नावाने सहकारी गृहनिर्माण संस्था काढली आणि महापालिका हद्दीबाहेर, कुंभारीला १० हजार घरांची वसाहत उभी केली. २००६ मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी त्या घरांचं हस्तांतर केलं. त्याच परिसरात असंघटित कामगारांसाठी ३० हजार घरांचा रे नगर प्रकल्प आला. त्यातल्या पहिल्या १५ हजार घरांच्या चाव्या १९ जानेवारी २०२४ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते दिल्या गेल्या. शहर कोणत्या दिशेने वाढणार, एसटी आणि सिटी बस कुठवर जाणार, जलवाहिनी कुठे न्यावी लागणार, या गोष्टी तिथे राहायला आलेल्या कामगारांच्या संस्थेमुळे ठरल्या. त्यांनी कुणाचं बांधकाम अडवलं नव्हतं. जमीन, आराखडा आणि सभासदांची यादी घेऊन ते शासनाच्या दारात गेले होते.