‘ख्रिस्ताच्या ठायी’ म्हणजे नेमके कोठे?

मागच्या व्याख्यानानंतर भवानी पेठेतल्याच एका श्रोत्याने आम्हाला अडवून विचारले, "सर, विश्वासी माणूस ख्रिस्ताशी एक होतो म्हणता, मग तो स्वतः उरतो की नाही?" प्रश्न साधा नाही. आपल्याकडे ‘एक होणे’ म्हटले की अद्वैत आठवते. घट फुटला, आकाश आकाशात मिळाले. ख्रिस्ती शिकवण तसे म्हणत नाही.

पौलाच्या पत्रांत एक छोटा शब्दप्रयोग सारखा येतो. मराठी बायबलमध्ये तो ‘ख्रिस्ताच्या ठायी’ असा आहे. आता ‘ठायी’ म्हटले की जागा आली, आणि जागेत राहणारा आला. राहणाराच नाहीसा झाला, तर ‘ठायी’ कोण? योहानाच्या शुभवर्तमानात 15व्या अध्यायात येशू वेल आणि फाट्यांचा दाखला देतो. आपल्या जिल्ह्यातल्या द्राक्षबागायतदाराला तो समजावून सांगावा लागत नाही. घड लागतो काडीवर. पण तीच काडी छाटून बांधावर टाकली की चुलीच्या कामाची. काही जण चादरीच्या ताण्याबाण्याचा दृष्टांत देतात. सोलापूरकरांना तो आवडतो, पण आम्हाला अपुरा वाटतो. तिथे दोन्ही धागे बरोबरीचे. इथे रस देणारा एक, घेणारा दुसरा.

मराठीत हे सगळे जगून पाहिले ते रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी. त्यांचा बाप्तिस्मा 1895चा. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असे ते म्हणत. लोक हे सौजन्य समजतात. आम्हाला त्यात तत्त्वज्ञान दिसते. तुकोबांनी मुक्ती बाजूला सारून गर्भवास का मागितला? भक्ती करायची तर भक्त उरावा लागतो, म्हणून. टिळकांच्या अभंगांत ख्रिस्ताशी बोलणारा ‘मी’ हा असा उरलेला आहे.

आता खरी अडचण. माणूस ख्रिस्ताशी जोडला गेला, तर मंडळीच्या नोंदवहीचे काय? 1917 मध्ये टिळक अमेरिकन मराठी मिशनमधून बाहेर पडले आणि त्यांनी ‘देवाचा दरबार’ मांडला. तिथे बाप्तिस्मा घेतलेल्यांना आणि न घेतलेल्यांनाही जागा होती. पौलाकडे मात्र बाप्तिस्मा म्हणजेच ख्रिस्ताबरोबर मरणे आणि उठणे. शिवाय त्याच्याशी जोडलेले सारे एकमेकांचे अवयव होतात. ज्यांना दरबार खटकतो, त्यांचे म्हणणे म्हणूनच पोकळ नाही. तरी आमचा कल टिळकांकडे आहे. रस आधी चढतो, पाने मागून दिसतात. दरबाराला पुरता बहर यायच्या आतच, 1919 मध्ये, टिळक गेले.

पुढच्या वेळी रोमकरांस पत्राचा 6वा अध्याय घेऊ. घरून वाचून या.