पायथन २ वरून ३ वर: लांबलेलं स्थलांतर

डिसेंबर २००८ मध्ये पायथन ३.० आलं आणि जुना बराचसा कोड त्यावर चालेना. काय काय बदललं याची टिपणं भाषेचे जनक गिडो व्हॅन रॉसम यांनी स्वतः लिहिली होती. साधा प्रिंटसुद्धा आता फंक्शन झाला होता, म्हणजे कंस आलेच.

खरा घोळ मजकुराचा. पायथन २ मध्ये साधी स्ट्रिंग म्हणजे बाइट्स. यूटीएफ-८ मध्ये लिहिलेल्या ‘मराठी’ची लांबी तिथे १५ भरते, पायथन ३ मध्ये ५. देवनागरीत काम करणाऱ्यांना तर हा बदल हवाच होता!

सोबत ‘टू-टू-थ्री’ हे साधनही मिळालं. ते जुना कोड वाचून नवा करून देई. पण कुठे बाइट्स हवेत नि कुठे अक्षरं, हे त्याला कसं कळणार? मग बेंजामिन पीटरसन यांची ‘सिक्स’ ही छोटी लायब्ररी लोकांनी उचलून धरली (दोन गुणिले तीन, म्हणून सिक्स). एकच कोड दोन्हीकडे चालवायची ही युक्ती जास्त व्यवहारी ठरली.

तरीही पायथन २ चा निरोप २०१५ वरून २०२० वर ढकलावा लागला. शेवटची आवृत्ती २.७.१८, एप्रिल २०२० ची. पुढे २०२४ मध्ये ३.१३ मधून टू-टू-थ्रीलाही रजा मिळाली.